शिक्षा झाली नाही, म्हणून छळ झालाच नव्हता?

एक मजकूर पुन्हा ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ‘४९८अ’च्या, म्हणजे नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाच्या कलमाखालच्या, जवळपास सगळ्या तक्रारी खोट्या असतात, म्हणून तर आरोपी सुटतात, तक्रार होताच म्हाताऱ्या आईबापांसह सगळं घर तुरुंगात जातं, आणि लग्नानंतर सात वर्षांत सून कशानेही गेली तरी नवरा खुनी ठरतो. ज्यांच्या घरातून लेक गेली आहे, तेही हे वाचत असतात. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी अटकेचं. या कलमाला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. अर्नेश कुमार प्रकरणात २ जुलै २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अशा गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही. ती का गरजेची आहे हे पोलिसांनी लेखी नोंदवायचं. पुढे जुलै २०२५ मध्ये, गुन्हा नोंदल्यावर दोन महिने अटक न करता प्रकरण कुटुंब कल्याण समितीकडे पाठवण्याच्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या सूचनांनाही सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. मार खाऊन ठाण्यात आलेल्या बाईने हे दोन महिने कुठे काढायचे, हा माझा प्रश्न आहे. पण ‘तक्रार केली की बेड्या’ हे चित्र आजचं नाही.

नणंद, दीर, परगावचे काका यांची नावं फिर्यादीत सरसकट घातली जातात, हे मात्र खरं आणि ते चूकच. त्यावर उपायही आहे. कहकशां कौसर प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमका आरोप नसलेल्या सासरच्यांवरचा खटला रद्द केला.

सात वर्षांचा मुद्दा तर अर्धाच सांगितला जातो. हुंडाबळीचं कलम १९८६ मध्ये आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत कलम ८० आहे. मृत्यू भाजून, इजा होऊन किंवा अनैसर्गिक रीतीने झाला, तो लग्नापासून सात वर्षांत झाला, आणि मृत्यूच्या नजीकच्या काळात हुंड्यासाठी छळ झाला होता, हे सगळं सरकार पक्षाला आधी सिद्ध करावं लागतं. मगच हा मृत्यू नवरा किंवा सासरच्यांनी घडवला असं न्यायालय गृहीतक धरतं आणि ते खोडण्याची संधी आरोपीला असते. शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. या कलमाखाली फाशी नाही. असं गृहीतक का लागलं? कारण मृत्यू बंद दाराआड होतो आणि पाहणारे सगळे त्याच घरातले असतात.

आता मूळ दावा: शिक्षा कमी, म्हणजे तक्रारी खोट्या. शिक्षेचं प्रमाण कमी आहे, यात वाद नाही. पण खटले सुटतात कसे, ते पाहा. वर्षानुवर्षं तारखा पडतात. दरम्यान घटस्फोट, पोटगी आणि स्त्रीधन यांची एकत्र तडजोड होते आणि तिची अट असते की बाईने साक्ष द्यायची नाही. हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, म्हणून मग उच्च न्यायालयात जाऊन तो रद्द करून घेतात, किंवा ती साक्षीला उभी राहून ‘माझी तक्रार नाही’ म्हणते. निकालात लिहिलं जातं: निर्दोष. शेजारी फितूर होतात. मृत्यूच्या प्रकरणात सुरुवातीला नुसती अकस्मात मृत्यूची नोंद झालेली असते, पंचनामा ढिसाळ असतो, माहेरच्यांचे जबाब उशिरा घेतलेले असतात. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि तो मिळायलाच हवा. पण पुरावा अपुरा पडणं आणि तक्रार रचलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलीस तपासाअंती ‘खोटी’ ठरलेली प्रकरणं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग वेगळी मोजतो. मजकूर लिहिणाऱ्याने तो रकाना सोडून सुटकेचा आकडा उचलला आहे.

त्याच विभागाच्या नोंदीत २०२२ या एका वर्षात पती व सासरच्यांकडून छळाचे १,४०,०१९ गुन्हे आहेत आणि हुंडाबळीचे सहा हजारांहून जास्त. मोठा आकडा दिसला की ‘बायका उठसूट तक्रार करतात’ असं म्हटलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत मात्र शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली होती. बहुतेकींनी कुणाला सांगितलंही नव्हतं.

मजकुराच्या शेवटी एक धमकी आहे: हुंडा देणंही गुन्हा, म्हणून तक्रार केली तर मुलीचे आईबापच आत जातील. देणं गुन्हा आहे, हे बरोबर. पण हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ मध्येच लिहिलं आहे की पीडित व्यक्तीने दिलेल्या जबाबावरून तिच्यावर खटला चालवता येणार नाही. या भीतीने गप्प बसलेल्या आईबापांनी ते कलम वकिलाकडून वाचून घ्यावं, आणि मुलगी जिवंत असतानाच ठाण्यात जावं.