लातूरकर दादा, तुमच्या ब्रेक्झिटवाल्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

दादा, कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की निम्मं तर बरोबरच बोलताय, म्हणून तिथेच चार ओळीत न उरकता इथे निवांत लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गेल्या पोस्टवर दादांचं म्हणणं असं की ब्रेक्झिटला मत दिलं म्हणून मी वेल्स आणि उत्तर इंग्लंडमधल्या सुंदरलँडच्या गरीब लोकांना येड्यात काढलं, ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडून काही आभाळ कोसळलं नाही, सुंदरलँडची निसानची फॅक्टरी होती तिथेच आहे, आणि भारतानेही 2019 मध्ये आरसेप (आशिया-पॅसिफिक देशांचा व्यापार करार) सोडलंच की, आपलं काय वाकडं झालं? शिवाय वेल्समधल्या टाटांच्या पोर्ट टॅलबॉट स्टील कारखान्यावरून एक टोमणा आहे, त्यावर शेवटी येतो.

येड्यात काढलं हे मान्य. शब्द वापरला नव्हता, पण हेडिंगमध्ये 'पायावर धोंडा' लिहिलं म्हणजे तेच झालं. चुकलं.

कारण एबू व्हेलमध्ये राहणारा माणूस काय बघत होता ते बघा. दक्षिण वेल्समधलं स्टीलचं गाव, 2002 मध्ये कारखाना बंद. मग युरोपच्या पैशातून रस्ता रुंद झाला, कॉलेज आलं, 2008 मध्ये पॅसेंजर ट्रेन परत सुरू झाली, आणि तरी त्या भागात 2016 च्या सार्वमतात 62% लोकांनी 'बाहेर पडा' म्हणून मत दिलं. लंडनचे पेपरवाले चकित, की अरे, ज्यांनी दिलं त्यांनाच लाथ? पण रस्ता चार लेनचा झाला तरी त्या रस्त्याने जायचं कुठे, तर दुसऱ्या गावातल्या गोडाऊनमध्ये कमी पगारावर राबायला! स्टीलची नोकरी, तिचा पगार, तिचा मान काही 'युरोपच्या पैशातून' अशा निळ्या पाटीसोबत परत आला नाही. किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक आनंद मेनन न्यूकॅसलला एका सभेत सांगत होते की बाहेर पडलं तर जीडीपी घटेल, तर समोरून एक बाई ओरडली, तो तुमचा जीडीपी, आमचा नाही. मला तर त्या बाईंचं पटतं.

फक्त रागाचा पत्ता बऱ्याचदा चुकला. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रिम्सबी बंदराकडे जवळपास 70% मतं बाहेर पडायला, मासेमारी बुडवली म्हणून. पण तिथला लांब समुद्रात जाणारा ताफा बसला तो 70 च्या दशकात, आइसलँडने आपल्या समुद्राची हद्द वाढवत 200 मैलांवर नेली तेव्हा, आणि आइसलँड तर आजही युरोपियन युनियनमध्ये नाहीये.

आता माझा खरा मुद्दा, जो गेल्या पोस्टमध्ये मी आकड्यांच्या गर्दीत घालवला. युरोपचा पैसा किती होता यापेक्षा तो कसा यायचा हे महत्त्वाचं. नियम सरळ होता, ज्या भागाचं दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या 75% पेक्षा खाली त्याला सगळ्यात जास्त, आणि तेही सात-सात वर्षांचं आधी ठरवून. पश्चिम वेल्स आणि इंग्लंडच्या नैऋत्य टोकाचं कॉर्नवॉल त्यात बसायचे. लंडनमध्ये कुणाचंही सरकार असो, त्या पैशाची दिशा बदलणं त्याच्या हातात फारसं नव्हतं. कॉर्नवॉलने बहुमताने बाहेर पडायला मत दिलं आणि निकाल लागताच तिथल्या कौन्सिलने सरकारकडे मागितलं काय, तर आमचा युरोपचा पैसा बुडणार नाही याची हमी!

हमी मिळाली म्हणा, सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या 2017 च्या जाहीरनाम्यात युरोपच्या पैशाऐवजी 'शेअर्ड प्रॉस्पेरिटी फंड' आला. प्रत्यक्ष फंड सुरू व्हायला एप्रिल 2022 उजाडला, तीन वर्षांसाठी 2.6 अब्ज पौंड, आणि वेल्स सरकारचा हिशोब असा की आपल्याला सुमारे 1 अब्जाचा खड्डा पडला. त्याच्या जोडीला मागे पडलेल्या भागांसाठीच्या 'लेव्हलिंग अप' फंडाचे 4.8 अब्ज, पण ते स्पर्धेतून, म्हणजे गरीब कौन्सिलने आधी कन्सल्टंटला पैसे देऊन अर्ज बनवायचा आणि मग लंडनकडे डोळे लावून बसायचं. जानेवारी 2023 च्या यादीत पंतप्रधान सुनक यांच्या स्वतःच्या मतदारसंघातल्या कॅटरिकला 1.9 कोटी पौंड मिळाले. हेच सुनक 2022 च्या उन्हाळ्यात टनब्रिज वेल्ससारख्या खात्यापित्या गावात अभिमानाने सांगताना कॅमेऱ्यात सापडले होते की मागास शहरी भागांकडे पैसा वळवणारी सूत्रं मी बदलायला घेतली. हक्काचं होतं ते मर्जीचं झालं. दादा तुम्ही लातूरचे, अनुशेष हा शब्द मी तुम्हाला समजावू नये, आपल्याकडे वैधानिक विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली तेव्हा मराठवाड्यात आणि विदर्भात नेमकी हीच ओरड होती ना, की सूत्र गेलं की आमच्या हातात काय उरलं?

निसानचं म्हणाल तर हो, आहे, आणि चांगलं आहे. पण ती का टिकली ते बघा. 2020 मध्ये निसानचे सीओओ अश्वनी गुप्ता यांनी उघड सांगितलं होतं की युरोपशी करार न होता टॅरिफ (आयात शुल्क) लागलं तर सुंदरलँडचा धंदा टिकणार नाही. म्हणजे फॅक्टरी वाचली ती शेवटच्या आठवड्यात झालेल्या झिरो टॅरिफ करारामुळे. मोठ्या कंपनीला सरकार फोनवर भेटतं, कागदपत्रांना माणसं ठेवता येतात. उत्तर वेल्सच्या मेनाय सामुद्रधुनीतले शिंपले काढणारे बघा, त्यांचा माल जिवंत हॉलंड-फ्रान्सला जायचा. 2021 उजाडला आणि बाहेरच्या देशांना लागू असलेला नियम त्यांना लागला, स्वच्छ न केलेला तसा माल युरोपात नेता येईना. त्या धंद्यात किती माणसं होती? थोडीच. म्हणून मोठी बातमीही झाली नाही. आभाळ असं एकदम कोसळत नसतं हो, ब्रिटनच्या ओबीआर या सरकारी अर्थ-अंदाज संस्थेचा अंदाजही लांब पल्ल्यात उत्पादकता 4% कमी असाच आहे, म्हणजे दरवर्षी थोडं थोडं, कळूच नये असं.

आरसेपची तुलना मात्र मला अजिबात पटत नाही. 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये आपण नाही म्हटलं, न्यूझीलंडच्या दुधाची भीती होती, ठीकच. पण आपण आत गेलोच नव्हतो. सुपारी फुटायच्या आधी मोडलेली सोयरीक आणि 47 वर्षांच्या संसारानंतरचा काडीमोड एकच कसा? ब्रिटन 1 जानेवारी 1973 ला आत गेला, 31 जानेवारी 2020 ला बाहेर, तोवर सुट्या भागांपासून शिंपल्यांपर्यंत सगळं एकमेकांत गुंतलं होतं.

राजकारणाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर भांडण ठरलेलंच आहे. 2019 च्या निवडणुकीत मजूर (लेबर) पक्षाचे गड कोसळले, माजी पंतप्रधान ब्लेअर यांचं सेजफिल्डसुद्धा, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे जॉन्सन 80 जागांच्या बहुमताने आले. 2024 ला तेच मतदार त्यांना सोडून गेले आणि मे 2025 मध्ये खाणकामगारांच्या डरहॅमची कौंटी कौन्सिल ब्रेक्झिटचे बडे प्रचारक फराज यांच्या रिफॉर्म पक्षाकडे गेली. ब्रेक्झिटवाले इमिग्रेशन कमी करू म्हणाले होते, जून 2023 पर्यंतच्या वर्षात नेट आकडा (आलेले वजा गेलेले) 9 लाखांच्या वर गेला, त्यात आपलेही नर्स आणि केअर वर्कर भरपूर. म्हणजे ज्यांनी आश्वासनं दिली त्यांच्यातल्याच सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाला आता नवीन संधी मिळतेय. याला तुम्ही 'लोकांचा विजय' म्हणता, म्हणा, मी अजून तरी म्हणणार नाही.

पोर्ट टॅलबॉटचा टोमणा: "टाटांनी भट्ट्या बंद केल्या त्याचंही खापर ब्रेक्झिटवर फोडा." नाही फोडत. शेवटची भट्टी 30 सप्टेंबर 2024 ला विझली त्यामागे तोटा होता, महागडी वीज होती, जगभर साचलेलं स्वस्त स्टील होतं. मुंबईतून बघताना आपण टाटांच्या बाजूने विचार करतो, तिथल्या कामगाराच्या बाजूने कुणी मराठीत लिहिलेलं मला दिसलं नाही, तुम्हाला सापडलं तर लिंक टाका.

आणि हो, कॉर्नवॉलच्या 'बाहेर पडा' मतांचा आकडा तुम्ही बरोबर पकडलात. 56.5% आहे, मी 60 लिहिला होता. पोस्टमध्ये दुरुस्त केलाय.