पयलो शब्द कोणाचो?

आमच्या भागातल्या एका प्राध्यापकांना लाच घेताना पकडलं. सकाळी दहाच्या आत बातमी पाच ग्रुपवर आली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सरांचा निकालही लागला. नाव लिहीत नाही, तुम्हीही कमेंटमध्ये लिहू नका.

संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर आमचे काका जाळं शिवत बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. मान वर न करता त्यांनी एवढंच विचारलं, "पयलो शब्द कोणाचो?"

कायद्याचा कीस पाडून वकील शेवटी इथेच येतात: पैशांची गोष्ट आधी कोणी काढली? मासा उथळात आलेला दिसला की पाग, म्हणजे फेकायचं जाळं, मारतात. गळाला मात्र आधी कोलंबी लावावी लागते. लाचलुचपतवाल्यांचा सापळा पाग मारल्यासारखा असायला हवा: मागणी झाली, कुणी त्यांच्या १०६४ या फोन नंबरवर कळवलं, पंचांसमोर मागणीची पडताळणी झाली, मग पावडर लावलेल्या नोटा. आधी कळवून नोटा देणारा गुन्हेगार ठरत नाही, ही सोय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीतही आहे.

पण पहिला शब्द समोरच्याचा असेल तर? 'सर, एवढं करा, तुमचं बघून घेऊ' असं कुणी चार वेळा म्हणालं आणि पाचव्यांदा सर गप्प बसले तर?

इथे आपला कायदा कडक आहे. देणाऱ्याने आपणहून पैसे पुढे केले आणि लोकसेवकाने घेतले, तरी गुन्हाच, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्ये सांगितलं. अमेरिकेत पोलिसांनीच फूस लावली हा बचाव १९३२ पासून मान्य आहे, आपल्याकडे तसं वेगळं कलमच नाही. गंमत म्हणजे आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये म्हटलं होतं की माणूस कितीही घसरणारा असो, त्याला सोसवणार नाही इतका मोह मुद्दाम दाखवू नये, कायदा राखणाऱ्यांनी तर नाहीच. वाक्य सुंदर आहे, पण त्यावर आरोपी सुटतोच असं नाही. मला हे पटत नाही. घेणारा दोषी धरा, पण गळ कोणी टाकला हे शिक्षा ठरवताना तरी विचारा ना!

सापळेच नकोत असं मी म्हणणार नाही. एका कागदासाठी मीही एकदा पाकीट दिलंय. १०६४ पाठ होता, फोन करायची हिंमत नव्हती. (काकांना हे अजून माहीत नाही.)

सरांच्या प्रकरणात पडताळणीचं रेकॉर्डिंग आहे म्हणतात. त्यात पहिला शब्द सरांचा निघाला तर तसं मीच सगळ्या ग्रुपवर लिहीन. तोवर त्यांचा तो मान खाली घातलेला फोटो मला पाठवू नका. तीनदा आलाय.