फ्लेक्सिबल कवळी ‘तुटत नाही’ हे कळलं, पुढचं कोण सांगणार?

फ्लेक्सिबल, म्हणजे नायलॉनच्या लवचीक कवळीबद्दल विचारलं की दवाखान्यात ठरलेलं ऐकवतात. तुटत नाही, दाताला अडकवायची तार दिसत नाही, तोंडात जड वाटत नाही. हे सगळं खरं आहे. चीड येते ती जे सांगत नाहीत त्याची, कारण ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. नायलॉनच्या कवळ्या १९५०च्या दशकापासून बनताहेत. त्यांचे गुणदोष कालपरवा सापडलेले नाहीत.

माझ्या खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेल्यात. पुढचे दात घट्ट आहेत. म्हणजे कवळीला पुढे धरायला दात आहेत आणि मागे नुसती हिरडी. घास चावला की लवचीक कवळीचा मागचा भाग हिरडीत दबतो, सोडला की उचलला जातो. प्रत्येक घासाला हेच. भाकरी जरा गार झाली की चावताना डोळ्यांत पाणी येतं. धातूच्या सांगाड्याच्या कवळीला शेजारच्या दातावर टेकू असतो, चावण्याचा थोडा भार तो दात घेतो. फ्लेक्सिबलला बहुतेक वेळा तो टेकूच नसतो, सगळा मार हिरडीवर. दाढ काढल्यावर तिथलं हाड तसंही झिजत जातं, त्यात खालच्या जबड्याचं जास्त. त्यावर दिवसभर हा दाब! मग हिरडी खाली जाते, कवळी सैल होते आणि शेवटी उरलेल्या चांगल्या दातांच्या हिरड्याही सोलवटतात. मागे टेकायला दात नसेल तर फ्लेक्सिबल विचार करूनच द्यावी, हे मला दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं. पैसे भरून झाल्यावर, हिरडी सुजल्यावर.

पहिल्या ठिकाणी गेले तेव्हा उत्तर काय, तर “काकू, सवय होईल.” कसली सवय? दुखण्याची? हिरडीला जखम असेल तर ती कुठे टोचते ते बघून तेवढा भाग घासून द्यायला हवा. सवयीचं नाव सांगून माणसाला घरी पाठवायचं, ही कुठली पद्धत?

कवळी सैल झाली तेव्हा म्हटलं, आतून अस्तर लावून द्या. अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे नेहमीच्या कडक प्लास्टिकच्या कवळीला ते लावता येतं, माझ्या आधीच्या कवळीला खुर्चीत बसल्या बसल्या लावून दिलं होतं. तर म्हणाले, हिला होत नाही, नवीनच करा. नायलॉनला ते नेहमीचं अस्तर चिकटतच नाही. दातसुद्धा तिला रसायनाने चिकटलेले नसतात. दाताला आतून भोकं पाडतात आणि अडीचशे अंशांहून जास्त तापवून वितळवलेलं नायलॉन दाबाने त्यात भरतात, त्या अडकणीवर दात टिकतो. एक दात निखळला की कवळी लॅबमध्ये पाठवा आणि तोवर खिमट, पेज खाऊन दिवस काढा. तुटत नाही हे दहा वेळा सांगता, सहज दुरुस्त होत नाही हे एकदा सांगायला काय होतं?

आणि आपलं जेवण! साबुदाण्याची खिचडी घ्या, कोशिंबीर घ्या, भरली वांगी घ्या, शेंगदाण्याच्या कुटाशिवाय पान हलत नाही. त्या कुटाचा एक कण कवळीखाली गेला की बुटात खडा गेल्यासारखं होतं, काही सुचत नाही. लग्नाच्या पंगतीत अर्ध्या पानावरून उठून मी बेसिन शोधत फिरते. पेरू सोडला, वांग्याचं भरीत सोडलं. माझ्या आवडीचे पदार्थ एकेक करून बंद झाले आणि घरचे म्हणतात, मऊ भात खा ना. का खाऊ रोज मऊ भात? दात चावायला बसवले ना?

साफसफाईचं तर कुणी बोलतच नाही. नायलॉनवर टूथपेस्ट आणि कडक ब्रश चालत नाही, बारीक ओरखडे पडतात. त्या ओरखड्यांत हळद बसते, चहा बसतो, बुरशीही धरते. पुन्हा गुळगुळीत करायचं तर नायलॉन सहज पॉलिश होत नाही. शेजारणीने सांगितलं, उकळत्या पाण्यात टाक, स्वच्छ होईल. नशीब आधी विचारलं, नाहीतर आकारच बिघडला असता. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची आणि हिरडीला मोकळं सोडायचं, हेसुद्धा मला विचारून विचारून काढून घ्यावं लागलं. एक कागद छापून हातात द्यायला किती खर्च येतो?

चांगलं आहे ते चांगलंच म्हणेन. आधीची अ‍ॅक्रिलिकची हातातून निसटून फरशीवर पडली आणि दोन तुकडे झाले. ही कितीदा पडली, काही झालं नाही. हसताना तार दिसत नाही, याचं सुख ज्याने चारचौघांत हसणं सोडलंय त्यालाच कळेल. ज्यांना अ‍ॅक्रिलिक सोसत नाही त्यांना हा मोठाच आधार आहे. पुढचा एखादा दात गेलाय, दोन्हीकडे भक्कम दात आहेत, अशा माणसाने खुशाल घ्यावी.

पण मला ती माझ्या तोंडाकडे बघून दिली का, याचं उत्तर हवंय. “इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) का नाही केलंत?” असं विचारणाऱ्यांनी आधी त्याचा खर्च बघावा. बहुतेक मेडिक्लेममध्ये अपघात सोडला तर दातांचा खर्च बसत नाही, सगळं पदरचंच. पेन्शनीतून साठवलेले पैसे एका कवळीत गेले आणि आता तेच म्हणताहेत, नवीन करा. या वेळी माप देण्याआधी मी सगळं लिहून मागणार आहे: टेकू कुठे, सैल झाली तर काय, दात निखळला तर किती दिवस आणि किती पैसे. दिलं नाही तर तोंड उघडणार नाही.