शुगर नॉर्मल आहे

उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा घरात एकमतानं निदान झालं: शुगर. पन्नाशीतल्या माणसाचं काहीही दुखलं की परभणीत आधी शुगरच बघतात. रिपोर्ट नॉर्मल आला. मग मेव्हणा म्हणाला, मानेतून असणार. मानेचा एक्स-रे काढला, तीही सरळ निघाली. हिनं मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "अहो, ही गाडी दारात यायच्या आधी कुठं होत्या मुंग्या?" पण बायकोच्या निदानाला फी लागत नाही, म्हणून आपण ते धरत नाही.

गाडी म्हणजे टूरिंगची मोटारसायकल. उंच, पुढे काच, दोन्ही बाजूंना पेट्या. बेत साधा होता. औंढा, परळी आणि वेरूळ, मराठवाड्यातली तिन्ही ज्योतिर्लिंगं एका दमात करायची. औंढा जवळचं, म्हणून सुरुवात तिथून. 60 पर्यंत गाडी गुणाची. 70 ला तळपायाखाली कुणीतरी गुणगुणायला लागलं. 80 ला आपण सोयाबीनच्या मळणीयंत्रावर बसलोय याची खात्री पटली. आरशात बघितलं तर मागून तीन ट्रक शेजारी-शेजारी येत होते. पुढे गेला तो एकच. देवापुढे हात जोडले तर डाव्या हाताला उजवा आणि उजव्याला डावा ओळखेना. हिच्या बहिणीकडे न्यायला घेतलेल्या दह्याचं डब्यातच ताक झालं होतं. वर लोणी आलं नव्हतं, इतकंच.

वेरूळ राहू द्या, आधी शोरूम गाठलं. गाडी विकताना ज्यानं मला स्वतःच्या हातानं पेढा भरवला होता, तोच टायवाला पोरगा समोर. म्हणाला, "सर, हे व्हायब्रेशन नाही, कॅरेक्टर आहे." शाळेच्या दाखल्यावर माझंही कॅरेक्टर चांगलं लिहिलंय. म्हणून काय मी लोकांचे हात बधिर करत हिंडतो? पुढे त्याचा सल्ला, "इंजिन अजून मोकळं झालेलं नाही, हायवेला जरा ताणा." गाडीसोबत दिलेलं पुस्तक म्हणतं, पहिले 1000 किलोमीटर ताणू नका. आणि ताणावी असा रस्ता म्हणजे जालन्यावरून जाणारा समृद्धी. त्यावर दुचाकीला बंदी!

मग रात्री जागून वाचलं. माझ्या गाडीला सिलिंडर एकच. म्हणजे एकच पिस्टन मिनिटाला 5-6 हजार वेळा वर जातो, थबकतो, खाली येतो, पुन्हा थबकतो, आणि दर वेळी गाडीला हिसका देतो. तो हिसका जिरवायला आत बॅलन्सर नावाचा वजनदार दांडा उलटा फिरत असतो. पिस्टन वर गेला की त्याचं वजन खाली. तरी सगळा हिशेब फिटत नाही. दुप्पट वेगाची एक बारीक थरथर उरतेच, ती त्या दांड्याच्या हाती लागत नाही. शिवाय इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की हिसका चौपट. पगार आणि खर्च यांचं नातं मला एवढ्या सोप्या शब्दांत कुणी समजावलं नव्हतं. त्याच रात्री कळलं की मोटारसायकलच्या थरथरीनं फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलनं 2021 सालीच बजावून ठेवलंय. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा, तरी उठून हँडलवरचा स्टँड काढून टाकला.

मेव्हण्यानं मुठींना फोम चढवला. त्यानं फरक असा पडला की मुंग्या आता मऊ यायच्या. गल्लीत वीस वर्षांच्या जुन्या शंभर सीसीवर दोन कॅन लटकवून येणारा दूधवाला रोज सकाळी थांबून माझी सुरू असलेली गाडी बघायचा. एकदा न राहवून त्यानं विचारलंच, "सर, हिला थंडी वाजायली का?"

शेवटी लिंबाखालच्या मिस्त्रीकडे गेलो. तो माणूस बोलतच नाही. हातातला अर्धा कप चहा त्यानं टाकीवर ठेवला आणि रेस दिली. चहावर गोल-गोल लाटा उठल्या. मग लांब पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ कानाला. डॉक्टरांनीसुद्धा मला इतक्या मन लावून तपासलं नव्हतं. तळहात फिरवत फिरवत पुढच्या क्रॅश गार्डपाशी आला आणि थांबला.

"हे गार्ड कुणी बसवलं?"

मी जरा अभिमानानंच सांगितलं. दोन तास घासाघीस करून फुकट घेतलं होतं ते शोरूमकडून.

त्यानं गाडी बंद केली आणि बोल्टला चिमटीत धरलं. "मालक, ह्यो तर हातानं फिरायलाय!"

झालं होतं ते असं. चेसीला इंजिन ज्या बोल्टानं धरलेलं असतं, त्याच बोल्टावर ते गार्ड बसतं. पोरानं बोल्ट काढला, गार्ड अडकवलं, बोल्ट परत घातला आणि आवळायचं राहिलं. दोन तासांची माझी कमाई इंजिनाला खुळखुळ्यासारखी हलवत होती.

मग मला गाडीवर बसायला लावून त्यानं चैनीखाली बोट घातलं. चैन एकतारीच्या तारेसारखी ताणलेली. स्टँडवर बघून ढील ठेवली, पण माणूस बसला की मागचं दबतं आणि चैन आणखी ओढली जाते, हे कुणी बघितलंच नाही. त्यानं ढील दिली. मग एका पत्र्याच्या डब्यातून, फडक्यात गुंडाळलेला, टॉर्कचा पाना काढला. आमच्या घरात लक्ष्म्याही एवढ्या जपून ठेवत नाहीत. बोल्ट आवळला, ठरलेला जोर भरताच पाना 'टक्' वाजला. दीडशे रुपये घेतले आणि टाकीवरचा तोच चहा पिऊन टाकला. शुगर आणि एक्स-रे धरून मी याच्या दसपट घालवले होते.

परवा परळीला निघालो. गंगाखेडच्या रस्त्याला 80 वर मुठीत अजून थोडी गुणगुण आहे, ती त्या उरलेल्या हिशेबाची. पण आरसा स्वच्छ. त्यात मागून एकच माणूस येताना दिसला, दोन कॅनसकट. हॉर्न वाजवत शेजारी आला, माझ्या गाडीकडे एकदा निरखून बघितलं आणि पुढे जाता जाता ओरडला,

"सर, थंडी गेली का?"