‘५०० किलोमीटर झाले की शूज बदला, नाहीतर गुडघे जातील’: या मेसेजचा एकेक मुद्दा तपासू

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. तिची तयारी पावसाळ्यात सुरू झाली की धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यात म्हटलेलं असतं की रनिंग शूज ५०० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल तेव्हा बदला, नाहीतर गुडघे कायमचे जातील. मिडसोल, म्हणजे तळाच्या रबराच्या वरचा फोमचा थर, अंगठ्याने दाबून बघा. त्यावर सुरकुत्या दिसल्या तर शूज संपले. टाच बाहेरच्या बाजूने झिजली असेल तर तुमची चाल चुकीची आहे. महाग शूज जास्त टिकतात. आणि दोन जोड आलटून पालटून वापरायला सांगतात ते फक्त विक्री वाढवायला.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण हा मेसेज पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे गावच्या मैदानावर धावणाऱ्या पोरांपर्यंतही पोचतो. घरून बुटांसाठी एकदाच पैसे मिळालेल्या मुलाला ‘गुडघे जातील’ असं सांगणं ही छोटी गोष्ट नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘५०० किलोमीटर झाले की बदला.’ हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत अनेक वर्षं ३०० ते ५०० मैल असा अंदाज सांगितला जातो. त्याचे किलोमीटर केले तर साधारण ४८० ते ८०० होतात. मेसेजने त्यातलं खालचं टोक उचललं आणि अंदाजाचा नियम करून टाकला. आठवड्याला ५० किलोमीटर धावणाऱ्याने हा नियम पाळला तर दर दहा आठवड्यांनी नवे शूज घ्यावे लागतील.

त्याहून मोठी चूक म्हणजे ५०० ला काहीतरी अचानक घडतं हे गृहीतक. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात शूजची धक्का शोषण्याची क्षमता मोजली होती. यंत्रावर घेतलेल्या चाचणीत पहिल्या ५० मैलांतच, म्हणजे ८० किलोमीटरच्या आसपास, ती मूळच्या ७५ टक्क्यांवर आली होती. पुढची घट मात्र सावकाश होती. माणसांनी प्रत्यक्ष वापरलेल्या शूजमध्ये तर ५०० मैलांनंतरही सुमारे ७० टक्के क्षमता शिल्लक होती. म्हणजे मोठी घसरण सुरुवातीलाच होऊन गेलेली असते, आणि तेव्हा कुणी शूज फेकत नाही. ते शूज जुन्या फोमचे होते हे खरं. पण झीज कड्यावरून पडावं तशी एका आकड्यावर होत नाही, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

शिवाय ५०० किलोमीटर कुणाचे? ५५ किलोच्या मुलीचे की ९० किलोच्या माणसाचे? मरीन ड्राइव्हच्या सपाट रस्त्यावरचे की पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या मुरुमावरचे? टेकडीवर तळाचं रबर आणि वरचं कापड आधी जातं, आतला फोम त्या मानाने शाबूत असतो. ट्रेडमिलवर बरोबर उलटं होतं. तळ नवाकोरा दिसतो आणि फोम मात्र बसलेला असतो.

‘किंवा सहा महिने.’ हा मुद्दा पहिल्या मुद्द्याशीच भांडतो. सहा महिन्यांत ५०० किलोमीटर म्हणजे आठवड्याला १९. त्यापेक्षा कमी धावणाऱ्याला हा मेसेज चांगले शूज टाकून द्यायला लावतो.

तरीही वयाचा प्रश्न पूर्ण निकाली काढता येत नाही, आणि आपल्या हवेत तर नाहीच. मुंबई-कोकणात बऱ्याच घरांत हा अनुभव असतो: कपाटात दोन-तीन वर्षं पडलेले, जवळपास न वापरलेले बूट बाहेर काढावेत आणि दहा पावलांत सोलचा भुगा व्हावा. तो सोल बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणामुळे या पदार्थाच्या रासायनिक साखळ्या तुटत जातात, मग बूट वापरा किंवा ठेवून द्या. धावण्याच्या बहुतेक शूजमधला फोम ईव्हीए नावाच्या पदार्थाचा किंवा त्याच्या मिश्रणाचा असतो. त्याचा असा भुगा होत नाही. तो वर्षांगणिक थोडा कडक होतो, आणि त्याआधी बऱ्याचदा गोंद सुटतो. म्हणून सेलमध्ये मिळालेला जुन्या साठ्यातला जोड घेताना चवड्याकडे सोल आणि वरचं कापड जिथे जुळतं तिथे नखाने हलकेच ओढून बघा. फट दिसली तर सवलत कितीही असो, घेऊ नका. आणि पावसात भिजलेले शूज हीटरपुढे किंवा कडक उन्हात ठेवू नका. सुकतळा काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ते ओले झाले की बदला आणि पंख्याखाली वाळवा. उष्णतेने गोंद सैल होतो, आणि असं तापवून वाळवण्याच्या सवयीने शूजचं आयुष्य घटतं.

‘नाहीतर गुडघे कायमचे जातील.’ याचा मला मनापासून राग येतो, कारण या वाक्याने लोक धावणंच सोडतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ धावपटूंना नव्या शूजमध्ये आणि मग तेच शूज २०० मैल वापरून झाल्यावर तपासलं. जुन्या शूजमध्ये पाय जमिनीवर किंचित जास्त वेळ टेकत होता, घोट्याची हालचाल थोडी बदलली होती, पण पायावर येणारा भार जवळपास तेवढाच राहिला. शरीर जुळवून घेत होतं. हे जुळवून घेताना पोटरीवर किंवा नडगीवर ताण येऊ शकतो, म्हणून झिजलेले शूज ओढत राहा असं मी म्हणणार नाही. पण नडगी ठणकणं वेगळं आणि गुडघा कायमचा जाणं वेगळं. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांध्याची झीज ३.५ टक्के लोकांत आढळली, तर बैठं आयुष्य जगणाऱ्यांत १०.२ टक्के. एवढ्यावरून धावण्यानेच गुडघे वाचतात असं म्हणता येणार नाही, पण मेसेजमधल्या भीतीला यात कुठेच आधार नाही.

‘अंगठ्याने दाबून बघा, सुरकुत्या बघा.’ धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार येतो. ६५ किलोच्या माणसाच्या शूजवर १३० ते १९५ किलो. अंगठ्याला त्यातलं काय कळणार? सुरकुत्या तर मऊ फोमवर पहिल्या काही दिवसांतही उमटतात. उलट बरेच जण सुकतळा चपटा झालेला बघून ‘शूज बसले’ म्हणतात. सुकतळा वेगळा, मिडसोल वेगळा.

‘टाच बाहेरून झिजली म्हणजे चाल चुकीची.’ नाही. टाचेवर उतरणाऱ्या बहुतेकांचा पाय आधी बाहेरच्या कडेवर टेकतो आणि मग आत वळतो. तिथलं रबर आधी झिजणारच. बघायचं ते डाव्या-उजव्यातला फरक. दोन्ही शूज फरशीवर शेजारी ठेवा, मागे खाली बसून टाचेच्या उंचीला डोळे न्या. एका शूजची टाच आत किंवा बाहेर कललेली दिसते का? तळाचं रबर संपून आतला पांढरा फोम उघडा पडला आहे का? टाचेच्या आतलं अस्तर फाटून कडक पट्टी बोटाला लागते का? या तिन्हींतलं एक जरी असेल, तरी ते शूज धावण्यासाठी संपले, मग किलोमीटर ३५० असोत की ९००.

‘महाग शूज जास्त टिकतात.’ २४ सप्टेंबर २०२३ ला इथिओपियाची धावपटू टिगिस्ट असेफा हिने बर्लिन मॅरेथॉनमध्ये २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांचा तेव्हाचा महिलांचा विश्वविक्रम केला, तो आदिदासच्या सुमारे १३८ ग्रॅमच्या शूजमध्ये. किंमत ५०० डॉलर, आणि कंपनीच सांगत होती की ते एका शर्यतीसाठी आणि त्याआधीच्या थोड्या सरावासाठी आहेत. स्पर्धेच्या शूजमध्ये पैसा वेगासाठी आणि हलकेपणासाठी जातो. रोजच्या सरावाला मध्यम किमतीचा, तळाला भरपूर रबर असलेला जोडच जास्त चालतो.

‘दोन जोड ही विक्रीची युक्ती.’ लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी २६४ धावणाऱ्यांवर २२ आठवडे लक्ष ठेवलं. वेगवेगळे शूज आलटून पालटून वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. रोज अगदी तोच ताण त्याच जागी येत नाही, हे त्याचं एक संभाव्य कारण. दोन जोड असल्याचा दुसरा फायदा मला तितकाच मोलाचा वाटतो. एका पायात जुना आणि दुसऱ्यात नवा शूज घालून घरातल्या घरात चाललात, तर जुना किती बसलाय ते अंगठ्यापेक्षा पायाला नीट कळतं.

ज्याला एकच जोड परवडतो त्याने तो फक्त धावायलाच वापरावा. कॉलेजला, बाजारात, गाडीवर जाताना तो घालू नये. उभं राहण्या-चालण्यातही फोम दबतच असतो, आणि ते किलोमीटर कुठल्याच ॲपमध्ये मोजले जात नाहीत. शूज बदलूनही नडगी किंवा गुडघा दोन आठवडे दुखत राहिला, तर तिसरा जोड घेऊ नका. महिन्याभरात अंतर किती वाढवलं ते बघा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.