माशीच्या मेंदूचा नकाशा झाला म्हणून माणूस अमर होत नाही

2045 पर्यंत माणसाचं मन संगणकावर अपलोड होईल. फळमाशीचा मेंदू तर आधीच उतरवून झालाय. मेंदूत चिप बसवलेली माणसं आपल्यात वावरताहेत. तेव्हा मृत्यूच आता थोड्या दिवसांचा सोबती. अशा अर्थाचा मजकूर सध्या जोरात फिरतो आहे. असाध्य आजार असलेल्या घरांतही तो आशेने वाचला जातो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी माशी. ऑक्टोबर 2024 मध्ये फ्लायवायर प्रकल्पाने प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध केला. 1,39,255 न्यूरॉन, म्हणजे संदेश नेणाऱ्या मेंदूपेशी, आणि 5 कोटींहून अधिक सायनॅप्स, म्हणजे या पेशींना जोडणारे सांधे. काम थक्क करणारं आहे. त्यावरून बनवलेल्या एका संगणकीय प्रारूपाने गोड चव लागल्यावर कोणते न्यूरॉन जागे होतील, याची बरीच अचूक भाकितंही केली. पण माशी संगणकात गेली, असं यातून निघत नाही. तिचा मेंदू काढून, त्याचे सुमारे 7,000 काप करून हा नकाशा बनला. कोण कुणाला जोडलेलं आहे, एवढं तो सांगतो. ती जोडणी त्या क्षणी किती जोरकस होती, भोवती कोणती रसायनं फिरत होती, हे त्यात नाही.

हे किती महत्त्वाचं आहे, ते सी. एलिगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीने दाखवून दिलंय. त्याच्याकडे अवघे 302 न्यूरॉन. त्यांचा नकाशा 1986 मध्येच छापून आला. 2011 पासून ओपनवर्म हा खुला प्रकल्प तो कृमी संगणकात उभा करू पाहतो आहे. तरीही खऱ्या कृमीसारखं सगळं वागणारी प्रतिकृती अजून झालेली नाही. त्याचं एक कारण म्हणजे न्यूरोपेप्टाइड: हे रेणू सायनॅप्सला वळसा घालून, दूरच्या पेशींपर्यंत निरोप नेतात. त्यांचं जाळं वेगळं मांडावं लागलं, तेही 2023 मध्ये. 302 न्यूरॉनांची ही कथा, आणि माणसाकडे सुमारे 8,600 कोटी.

‘फक्त संगणकाची ताकद वाढायची बाकी आहे’ हा पुढचा दावा. हार्वर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी 2024 मध्ये मानवी मेंदूच्या एका घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा मांडला. माहिती भरली 1.4 पेटाबाइट, म्हणजे 1,400 टेराबाइट. अख्खा मेंदू असे बारा लाखांहून जास्त तुकडे होईल. साठवणीचा प्रश्न सुटेलही कधीतरी, पण जिवंत मेंदूतून हे मोजायचं कसं? एमआरआयला वेगळा दिसणारा लहानात लहान ठिपका साधारण मिलिमीटरचा असतो. तेवढ्या जागेत हजारो न्यूरॉन मावतात.

चिपचा मुद्दा लवकर आटपतो. इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीच्या चिपला 1,024 इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी टोकं आहेत. हातपाय न हलणाऱ्या माणसाला त्यामुळे कर्सर हलवता येतो, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. मनाची प्रत काढण्याशी तिचा संबंध नाही.

2045 हे साल अमेरिकी संशोधक आणि भविष्यवेत्ते रे कुर्झवाईल यांच्या भाकितातून आलंय. 2009 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ हेन्री मार्करम यांनीही दहा वर्षांत मानवी मेंदू संगणकात उभारता येईल असं सांगितलं होतं. त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेला युरोपचा ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट 2013 ते 2023 चालला. उपयुक्त नकाशे मिळाले. मेंदू उभा राहिला नाही.

आता खरा प्रश्न: समजा, सगळं जमलं. तुमच्या आठवणींसकट एक प्रत यंत्रात बोलू लागली, आणि तुम्ही अजून खाटेवर आहात. तुम्हाला मरण येईल तेव्हा ती प्रत तुमच्या जागी मरणार नाही, आणि तुम्हीही तिच्यात जाऊन जगणार नाही. मुलांना तिच्याशी बोलून बरं वाटेल कदाचित. पण मजकुरात वचन दिलंय ते तुम्हाला.

शिवाय आज माहीत असलेल्या पद्धतीत आधी मेंदू रसायनांनी टिकाऊ करून कापावा लागतो. 2018 मध्ये नेक्टोम या अमेरिकी कंपनीने भविष्यात मन अपलोड होईल या आशेवर मेंदू जतन करण्यासाठी 10,000 डॉलर अनामत घेऊन नावनोंदणी चालवली होती. ही प्रक्रिया शंभर टक्के प्राणघातक असल्याचं तिच्या एका संस्थापकानेच सांगितलं. टीका झाल्यावर एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाने कंपनीशी असलेला संबंध तोडला.

म्हणूनच हा मजकूर मला निरुपद्रवी वाटत नाही. आणि ती प्रत खरोखर जाणीव असलेली निघाली, तर तिचा मालक कोण? सर्व्हरचं भाडं थकलं की तिला बंद करायचं? तिच्या शंभर प्रती काढून कामाला जुंपल्या, तर तक्रार कुणी कुणाकडे करायची? अमरत्व जाहीर करणाऱ्या त्या मजकुरात याबद्दल एक ओळही नाही.