राजीनामा चौथ्या महिन्यात येतो, माणूस पहिल्याच आठवड्यात सुटतो

काल टीममधल्या एका मुलीने पेपर टाकले. जॉइन होऊन चार महिने पण नाही झाले. लगेच सगळ्यांचं सुरू, आजकालच्या पोरांना धीरच नाही, दोन पैसे जास्त दिसले की उडाले. मला हे अजिबात पटत नाही, कारण तिचा पहिला आठवडा मी डोळ्यांनी बघितलाय. लॅपटॉप आलेला नव्हता म्हणून तीन दिवस सुट्टीवर गेलेल्या कोणाच्या तरी खुर्चीत बसून जुनी पीपीटी वाचत होती, मॅनेजर दिवसभर मीटिंगमध्ये, आणि जेवायच्या वेळी सगळे आपापल्या ग्रुपने उठले तेव्हा ती मान खाली घालून मोबाईल बघत बसली. त्या ग्रुपमध्ये मीपण होते. नुसतं "चल" म्हणायचं होतं, नाही म्हटलं. काल रात्रभर तेच डोक्यात होतं.

बहुतेक ठिकाणी ऑनबोर्डिंग, म्हणजे नव्या माणसाला रुळवणं, कसं करतात, तर फॉर्म भरा, पॉलिसीवर सही करा, स्लाइड्स बघा आणि उद्यापासून कामाला लागा. अहो हे फक्त जॉइनिंग झालं! माणूस रुळला का ते कोण बघणार? अडलं तर कोणाला विचारायचं, चांगलं काम म्हणजे इथे नेमकं काय समजतात, "मला हे कळलं नाही" असं म्हटलेलं चालतं का, हे कुठल्याच पीडीएफमध्ये लिहिलेलं नसतं आणि नवा माणूस नेमका यातच गुदमरतो.

विप्रोच्या कॉल सेंटरमध्ये झालेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला, तो मला फार आवडतो. नव्या लोकांच्या एका गटाला पहिल्या दिवशी तासभर कंपनीचं कौतुक ऐकवलं, कंपनीचं नाव असलेला स्वेटशर्ट दिला. दुसऱ्या गटाला तोच तासभर विचारलं की तुम्ही कशात चांगले आहात, ते इथे कसं वापराल, आणि स्वेटशर्टवर त्यांचं स्वतःचं नाव. सहा महिन्यांनी बघितलं तर या दुसऱ्या गटातून सर्वात कमी लोक सोडून गेले होते. एक तास फक्त!

बडी, म्हणजे नव्या माणसाच्या मदतीला नेमलेला जुना सहकारी, त्याचंही तसंच. मायक्रोसॉफ्टने नव्यांना बडी नेमून दिले, पहिल्या ९० दिवसांत किमान एकदा भेट झालेल्यांपैकी ५६ टक्के म्हणाले की त्याच्यामुळे काम लवकर जमायला लागलं, आठपेक्षा जास्त वेळा भेटलेल्यांमध्ये तेच ९७ टक्के. म्हणजे मेलमध्ये नाव टाकून भागत नाही, बसावं लागतं त्या माणसाबरोबर.

पगार महत्त्वाचा आहेच, तो कमी देऊन नुसतं गोड बोललात तर कोणीच टिकणार नाही. पण "आम्हाला वेळ नाही" म्हणणाऱ्या मॅनेजरला आता पुन्हा इंटरव्ह्यू घ्यायला, पुन्हा शून्यापासून शिकवायला वेळ काढावाच लागणार ना, आणि तोपर्यंत तिचं काम बाकीच्यांच्या डोक्यावर, मग त्यातलाही एखादा वैतागून जातो.

सोमवारी दुसऱ्या टीममध्ये एक जण जॉइन होतोय. माझं काम नाहीये, तरी आज आयटीच्या मागे लागून त्याचा लॉगिन चालू करून घेतला, त्याच्या लीडला सांगितलं की पहिल्या आठवड्यात पूर्ण होईल असं एक छोटं काम काढून ठेव. आणि दुपारी एक वाजता त्याला जेवायला हाक मारायचा रिमाइंडर लावलाय.